मोरपिसाचं पान

नाशकात ज्ञानाचा सूर्य उगवला तो १९८२च्या एप्रिलात. उगवायला अंमळ उशीर झाला, कारण वीज गेली होती आणि अक्षरानंद महाराज लाउडस्पीकरशिवाय उगवत नसत.

वीज आली. पंचवटीतल्या मांडवात गर्दी उसळली. पुढ्यात झेंडू विकणाऱ्या रंगूबाईची चांगुणा बसलेली. चौथीत दुसऱ्यांदा. तोंडी सगळं येई, पुस्तक उघडलं की गप्प. सोमवारच्या परीक्षेत यंदाही नापास झाली तर बाप तिला शाळेतून काढून फुलांच्या पाटीमागे बसवणार होता.

"हिच्या जिभेला गाठ होती!" महाराज गरजले. "आश्रमात ठेवून आम्ही ती सोडली. आता सरस्वती स्वतः पान उघडील!"

त्यांनी पुस्तक तळहातावर आपटलं. ते उघडलं. चांगुणा वाघाचा धडा घडाघडा वाचू लागली. टाळ्यांचा कडकडाट! तिच्या शाळेच्या हेडमास्तरांनीही हात जोडले. त्यांचं काम परस्पर झालं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या गायधनी डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. विद्या यावी म्हणून आपली सगळी पोरं पुस्तकात मोरपीस ठेवतात, तसं यातही होतं, नेमकं वाघाच्या पानात. बाईंनी ते काढून घेतलं.

"आता उघडू द्या सरस्वतीला."

पान उघडलं ते विहिरीच्या चित्राचं. चांगुणा मात्र बोट फिरवत वाघच सांगत राहिली. बाई तिच्याशेजारी खाली बसल्या.

"कुणी शिकवलं गं?"

"महाराजांचे शिष्य रोज धडा म्हणून घ्यायचे. चुकलं की जेवायला नाय."

नास्तिकांच्या सावलीने विद्या आटली, असं सांगून महाराज जीपमध्ये बसले. जीप कुणाच्याही सावलीने अडली नाही.

"गाठ नाही, करणी नाही, आळसही नाही," चांगुणाची जीभ, डोळे तपासून आणि तिला सुटी अक्षरं वाचायला लावून बाई म्हणाल्या. "डोळे चांगले, बुद्धी तर ऐकून अख्खा धडा पाठ करणारी. फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड हिच्या मेंदूत सहज लागत नाही. वेगळ्या रीतीने, धीराने शिकवलं तर लागते. माराने नाही, मंत्राने नाही. देवीला कामाला लावण्याआधी पोरीला तपासून तरी घ्या!"

"मग तसं शिकवतं कोण?" रंगूबाईने विचारलं.

बाईंनी मोरपीस बोटांत फिरवलं. "इथे... अजून कुणी नाही."

चांगुणा हेडमास्तरांकडे वळली. "गुर्जी, सोमवारी पेपरातले प्रश्न वाचून दाखवाल? मी तोंडी सांगते."

"तसा नियम नाही, बाळ."

खरोखरच नव्हता.

मांडव रिकामा झाला. मोरपीस बाईंच्याच हातात राहिलं होतं. रंगूबाई पदर सावरत जवळ आली.

"डॉक्टरीणबाई, तुमचं समदं पटलं बघा. सोमवारपुरतं तेवढं पीस देता का?"