डिस्क का काढली नाही

धाकटी जाऊ आपल्यापेक्षा गोरी असली तरी चालतं, उंच असली तरी चालतं. आपल्याच कामात आपल्यापेक्षा हुशार निघाली की मात्र नाकाला मिरच्या झोंबतात. आणि मी तर मिरचीच्याच कारखान्यात कामाला.

नंदुरबारबाहेर ललितशेठचा लाल मिरचीचा कारखाना आहे. तिथले कॉम्प्युटर गेली अकरा वर्षं मी सांभाळते. कोणत्या गावची मिरची वाळवणाच्या मैदानातल्या कोणत्या पथारीवर वाळतेय, तिचा लॅब रिपोर्ट काय, हे सगळं त्यात असतं. ते नसेल तर एक पोतं गेटबाहेर जात नाही. तिथे मला काजलमॅडम म्हणतात. कोरीट गावात, घरी मात्र मी नुसती थोरली सून. कारण धाकटी स्वप्नाली पुण्यात नोकरीला आहे. कॉम्प्युटरला कुलूप घालून खंडणी मागणारे असतात ना, त्यांच्यापासून तिची कंपनी धंदेवाल्यांना सावध करते आणि अडकलेल्यांना सोडवते. आमच्या सासूबाई, प्रमिलाबाई, गल्लीभर सांगतात, "मन्ही स्वप्नाली पुनामा कंपन्या वाचाडस." आणि मी काय, मिरच्या वाळवते!

मागच्या दिवाळीत ती सुट्टीवर आली तेव्हा शेठनी तिला कारखान्यात बोलावलं. माझ्याच खुर्चीत बसून तिनं मला शिकवलं. रोज सगळ्या फायलींची कॉपी डिस्कवर घ्यायची, मग डिस्कची वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची. वायर जोडलेली राहिली तर खंडणीवाला डिस्कलाही कुलूप लावतो. हे तिनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. मेलीचं अक्षरसुद्धा सुंदर.

मी मान डोलावली. ती पुण्याला गेली आणि मी वायर काढायची बंद केली. विसरले नव्हते. रोज संध्याकाळी हात वायरीकडे जायचा, समोर तो कागद दिसायचा आणि हात मागे यायचा. एवढ्या वर्षांत काही झालं नाही, आता हिच्या सांगण्यावरून होणार होतं?

डिस्क सुटली ती एकदाच, यंदाच्या खंडेनवमीला. वजनकाटा, पाने, पक्कड यांच्याबरोबर मी डिस्कही पूजेच्या ताटात ठेवली. कुंकू लागलं, झेंडूचं फूल पडलं. दुसऱ्या दिवशी शेठच्या आई, जसोदाबाई, ताट आवरून डिस्कसकट घरी घेऊन गेल्या. पुजलेली वस्तू परत कशी मागायची? मी नवी डिस्क आणली, मशीनला जोडली आणि जोडलेलीच ठेवली.

दिवाळीला चार दिवस होते. आमचा काट्यावरचा कारकून जगदीश, त्यानं ट्रकवाल्याचा समजून एक मेल उघडला. तासाभरात प्रत्येक स्क्रीनवर एकच मजकूर: फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. मी नवी डिस्क बघितली. तीही गेली होती. हे कळलं तर माझी खुर्ची गेली, आणि घरी तर मान वर करायला जागा उरणार नव्हती.

शेठ मला म्हणाले, "तुन्ही देरानी काल उनी ना? तिले फोन लाव."

फोन लावण्यापेक्षा मिरची डोळ्यांत चोळली असती. पण लावला. वर तिला आणायला मीच स्कूटीवर कोरीटला गेले. येताना ती मागे बसून म्हणत होती, "ताई, घाबरू नका." घाबरत नव्हते मी. जळत होते.

तिनं आल्या आल्या इंटरनेट तोडलं, प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढला आणि शेठना पोलिसांत तक्रार करायला लावली. पैसे भरायचे नाहीत, असंही बजावलं. मग मला विचारलं, "ताई, डिस्क कोठे शे?"

"कपाटमा," मी म्हणाले.

मशीनला लटकलेली डिस्क तिच्या गुडघ्याला लागत होती. तिनं ती पाहिली, मला पाहिलं आणि हळूच वायर काढली. "हाई नवी शे," ती म्हणाली. "जुनी?"

मी पूजेच्या ताटाचं सांगितलं, तसा शेठनी घरी फोन केला. जसोदाबाई स्वतः डिस्क घेऊन आल्या. वर कुंकू, फटीत अक्षता. "हाईच शे का व? पूजेल वस्तू, म्हणीसन मी देव्हारामा ठेयी."

स्वप्नालीनं डिस्क पदराच्या कोपऱ्यानं पुसली, आजारी मशीनपासून दूर नेली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. खंडेनवमीपर्यंतचं सगळं शाबूत होतं. पुढच्या पंधरा दिवसांच्या नोंदी आम्ही दोघींनी पथारीवरच्या प्रत्येक ढिगात खोचलेल्या नोंदीच्या चिठ्ठ्या गोळा करून भरल्या. मशीनं पुसून पुन्हा उभी करायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी ट्रक निघाला. शेठ स्वप्नालीचं कौतुक करायला लागले, तर ती म्हणाली, "ताईमुळे वाचनं, शेठ. जुनी डिस्क येगळी व्हती ना." शेठनी सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले. घरी सासूबाईंनी पहिल्यांदाच आधी माझ्या ताटात शेव वाढली, मग तिच्या.

मी ती शेव ताटाच्या कडेला सारली. तिनं माझी नोकरी वाचवली, ते एकवेळ सोसलं असतं. पण चहाडी करायची एवढी चांगली संधी सोडून वर मोठेपणाही मलाच दिला. आता तिच्यात खोट काढायची तरी कुठे?

दिवाळी झाल्यावर, पुण्याला निघायच्या सकाळी तिनं माझ्या हातात एक छापील कागद दिला. असं काही झालं की शेठना तो लिहून द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या वेळी चूक होत नाही. सगळं तिनं भरलं होतं, दोन ओळी सोडून. डिस्क मशीनला जोडलेली होती का? असल्यास कारण?

"ताई, हाई तुम्हीच भरा," ती म्हणाली. बसमध्ये चढली आणि गेली.

मी कारखान्यात येऊन खुर्चीत बसले. "नाही" लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिला कळणार होतं. मी लिहिलं, "होय." कारणापुढे लिहिलं, "जावेनं काढायला सांगितलं होतं, म्हणूनच काढली नाही." खाली सही केली आणि कागद शेठच्या टेबलावर ठेवला.

खुर्ची राहो नाहीतर जावो. एवढं खरं लिहायला तिलाही जमलं नसतं.