सोडलेला दोर

घरात धाकटीला सगळे खार म्हणत. धड चालता येण्याआधी ती कपाटावर चढून बसली होती, असं तिची ताई आल्यागेल्याला सांगायची. त्यात मीठमसाला किती ते ताईलाच ठाऊक, पण सतराव्या वर्षी ही मुलगी ज्या झाडांवर चढत होती, त्यांचे शेंडे बघायचे तर माणसाला डोक्यावरची टोपी धरावी लागे.

घरचं कामच तसं होतं. डोंगरउतारावरच्या जंगलात सरळसोट उंच झाडं होती. त्यांच्या वरच्या फांद्यांना लाकडी शंकू लागत आणि त्या शंकूंत बी असे. रोपवाटिकांना ते बी हवं असायचं. शंकू उमलले की बी वाऱ्यावर उडून जातं, म्हणून ते मिटलेले असतानाच वर जाऊन तोडावे लागतात. खार चढायची आणि ताई खाली थांबायची. खाली थांबणं हे काही बिनकामाचं उभं राहणं नव्हतं. दोर दोन असत. एकावरून माणूस चढे-उतरे, दुसऱ्यावरून भरलेली पोती खाली जात. शेवटचं पोतं टेकलं की खार वरून ओरडे, "सोडला!" आणि पोत्यांचा दोर खाली टाकून देई. ताई तो गुंडाळेपर्यंत खार आपल्या दोरावरून उतरून शेजारी उभी राहिलेली असे.

मग ताईला शहरात नोकरी लागली आणि ती गेली. बाबा तर आई वारल्यापासून जंगलाकडे फिरकलेच नव्हते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते शंकू वाळवत बसत, ते हलवत, बी चाळत, आणि कोणी काही विचारलं तर "हं" म्हणत. दोन माणसांच्या त्या घरात दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तर खूप झाली.

"यंदा वरच्या उताराचं काय करायचं?" खारीने एकदा जेवताना विचारलं.

"बघू," बाबा म्हणाले.

या "बघू"चा अर्थ तिला पाठ होता. शंकू उमलायला आले होते आणि बाबा काहीही बघणार नव्हते. तिच्या नाकावर राग आला. ताईशिवाय आपलं अडतं असं लोकांनी म्हणावं, हे तर तिला मुळीच परवडणारं नव्हतं. सकाळी तिने पाठीवर पिशवी टाकली आणि दारातून म्हणाली, "मी ताईकडे जातेय, येईन दोन-तीन दिवसांत." शेडमधून "हं" आला. ती शहराच्या नाही, डोंगराच्या वाटेला लागली.

दोन दोर एकटीला झेपणारे नव्हते, म्हणून तिने एकच घेतला होता. हिशेब सोपा होता. दोराने वर जायचं, दोर वर ओढून घ्यायचा, त्यानेच पोती उतरवायची आणि शेवटी तोच फांदीला टाकून आपणही उतरायचं. चढताना सगळं ठरवल्यासारखं झालं. शंकू भरपूर होते. दुपार कलेपर्यंत तिने पोती भरली, एकेक करून खाली सोडली, प्रत्येक वेळी हलकी गाठ झटका देऊन सोडवली आणि दोर परत ओढून घेतला. हात आपसूक चालत होते. शेवटचं पोतं जमिनीला टेकलं, तेव्हा ती मनापासून खूश होती.

"सोडला!" ती ओरडली, आणि तिने दोर सोडून दिला.

दोर वळवळत खाली गेला आणि पोत्यावर जाऊन पडला. तो पडताना ती बघत राहिली. इतकी वर्षं दोन माणसांत केलेलं काम तिच्या हातांनी दोन माणसांत असल्यासारखंच पुरं केलं होतं.

आधी तिला हसू आलं. मग तिने खाली नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. सर्वांत खालची फांदी तिच्या पायाखाली थोड्याच अंतरावर होती. तिच्याखाली नुसतं खोड होतं, तीन मजली घराएवढं, धरायला काही नसलेलं. फोन पिशवीत होता आणि पिशवी खाली मुळाशी. ती ओरडली. आधी "कोणी आहे का?" असं सभ्यपणे, मग आडवंतिडवं, घसा बसेपर्यंत. त्या उतारावर वर्षाकाठी जी माणसं येत ती तिच्याच घरची. बाबांना वाटणार ती ताईकडे आहे, ताईला वाटणार ती घरी आहे. तिला कोणी शोधायलाच निघणार नव्हतं.

कमरेला जाड पट्टा होता, काम करताना खोडाभोवती टाकायचा, आणि त्याला सुरी आणि पाण्याची बाटली अडकवलेली होती. अंधारायच्या आत तिने त्याने स्वतःला खोडाला बांधून घेतलं आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात बसली. थंडी हाडांत शिरली. झाड सावकाश डोलत होतं. तिने आधी ताईवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. नोकरी हवी होती म्हणे, खुर्ची हवी होती, पंखा हवा होता! मग शिव्या संपल्या आणि भलतंच काही आठवायला लागलं. घरी गेल्यावर ताई रोज मानेला तेल चोळायची. दिवसभर वर बघून मान आखडलेली असायची. खारीने तिला एकदाही विचारलं नव्हतं, दुखतं का गं म्हणून. ताई खाली होती म्हणून वर मजा होती, ही गोष्ट तिला आता, हुडहुडी भरलेली असताना कळत होती. तिला फार एकटं वाटलं आणि ती मोठ्याने रडली. ऐकायला कोणी नसल्याने तिने कसलीही लाज बाळगली नाही.

सकाळी तिने हाताशी राहिलेले शंकू सुरीने फोडून बी खाल्लं. कडवट होतं, पण पोटाला आधार झाला. बाटलीत घोटभर पाणी होतं. तिने ते अर्धं प्यायलं, अर्धं ठेवलं.

आणि मग खाली फोन वाजला.

पिशवीतून दबका आवाज येत होता, पण फोनच होता. "ताई!" ती ओरडली. "ताई, मी इथे आहे गं!" जणू ओरडून फोन उचलता येणार होता. तो थांबला, थोड्या वेळाने पुन्हा वाजला, दुपारी पुन्हा. कोणीतरी आपल्याला शोधतंय या विचाराने तिचा जीव वरखाली होत होता. संध्याकाळी तो वाजायचा बंद झाला. बॅटरी संपली असणार. कोणी येतंय का म्हणून तिने पूर्ण उजाडेपर्यंत कान टवकारून दुसरी रात्र काढली. कोणी आलं नाही.

उजाडलं तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. आणखी एक रात्र आपल्याला झेपणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. खोडाभोवती पट्टा टाकून मागे रेलत उतरता आलं असतं, पण खाली खोड जाड होत जाई आणि पट्टा तेवढा पुरणार नव्हता. मग पट्टा वाढवायला हवा. तिने जाकिटाच्या बाह्या कापल्या, पँटचे पाय मांड्यांपासून कापले, त्यांच्या पट्ट्या काढून तीन पदरी वेणी घातली आणि पट्ट्याला जोडली. गाठी दातांनी आवळल्या. बूट काढून खाली टाकले. ते पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला, निदान तिला तरी तसं वाटलं.

शेवटच्या फांदीवरून तिने पाय खाली सोडला. तळवे खोडावर रोवायचे, मागे रेलायचं, पट्टा थोडा खाली सरकवायचा, मग एक पाय, मग दुसरा. पट्टा सरकवताना तो क्षणभर सैल पडे, तेव्हा तिला धरून ठेवणारं काहीच नसे. सालीने तळवे सोलले. ती स्वतःशीच बोलू लागली, अगदी ताईच्या आवाजात. "डावा पाय. घाई नको. हं, आता उजवा." अर्ध्याहून जास्त उतरल्यावर वेणीतली एक गाठ सुटली. तिने खोडाला मिठी मारली आणि घसरत, खरचटत, पोट-मांड्या सोलून घेत खाली आदळली.

जमीन गार होती. ती बराच वेळ तिच्यावर गाल टेकून पडून राहिली. मग जवळच्या झऱ्याशी रांगत जाऊन पाणी प्यायली, दोर गुंडाळला आणि काठी टेकत निघाली. पोती तिथेच राहिली.

वाटेतल्या चहाच्या टपरीवर तिने फोन चार्जिंगला लावला. टपरीवाल्याने तिचा अवतार पाहून न मागता चहा पुढे ठेवला. फोन सुरू झाला. सगळे कॉल बी विकत घेणाऱ्या गोदामाच्या कारकुनाचे होते. यंदा पोती कधी पोचणार, एवढंच त्याला विचारायचं होतं.

घरी बाबा शेडमध्ये शंकू हलवत होते.

"आलीस? कशी आहे ताई?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ताईकडे नव्हते गेले. वरच्या उताराला होते."

आता त्यांनी पाहिलं. बिनबाह्यांचं जाकीट, सोललेले गुडघे, तळव्यांना बांधलेल्या रक्ताळलेल्या चिंध्या. हातातलं फावडं त्यांनी भिंतीला टेकवलं.

"खाली कोण होतं?"

"कोणी नव्हतं. दोर सोडला मी. सवयीने. दोन रात्री वरच होते."

बाबा पोत्यावर बसले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतात?"

"आलो असतो," ते लगेच म्हणाले. पण ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. "माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही, बाळा." आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. आई गेल्यापासून त्यांनी तिला दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. ती लंगडत गेली आणि त्यांच्या शेजारी त्याच पोत्यावर बसली.

"मला वर फार एकटं वाटलं, बाबा," ती म्हणाली. "आणि इथेही वाटतं."