दहावा कागद

मार्गशीर्षाचे हेमकोवळे ऊन पसरणीच्या घाटावरून उतरले, कृष्णेच्या धुकेभरल्या पात्रावर रेंगाळले आणि वाईतल्या एका गच्चीवर श्रीपादरावांच्या उघड्या पाठीशी येऊन थबकले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुमुदिनी नवऱ्याच्या कमरेवरचा डाग उतरवून घेई. भरतकाम करणारी ती. नक्षी उतरवायचा पातळ कागद डागावर ठेवायची, शेजारच्या तिळाची खूण करायची, पेन्सिल फिरवायची, तारीख घालायची. ताम्रवर्णी, शुष्क, सुरकुतलेला डाग. अकरा वर्षे तो गजकर्ण म्हणून मिरवला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे गजकर्ण नव्हे. बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. पण एखाद्याच्या अंगावर त्यातूनच लिंफोमा, पांढऱ्या पेशींचा कर्करोग, डोके वर काढतो. म्हणून बघत राहायचे. नुसते बघत राहायचे.

आणि बघू देईल तर तो नवरा कसला!

दोनदा कातडीचा तुकडा काढून तपासला, दोनदा निदान अर्धवट; मलमाने डागाचे खरे रूप दबते. आता महिनाभर डागाला काही म्हणजे काही लावू नका, असे बाईंनी बजावले होते. उद्या तिसरा तुकडा. आणि आज, या निर्मळ उन्हात, डाग पिवळाधमक. घरचा हळदीचा व्यापार. हळदीने बरे होत नाही असे काही जगात असते, हे श्रीपादरावांना मान्यच नव्हते. हळदीखाली मलमाचा ओशट वास. पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवावे, तसा हा माणूस दर तपासणीआधी डाग सारवत आला होता. कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तुम्हाला काय स्थळाला दाखवायला नेतेय मी?"

श्रीपादराव कठड्याकडे वळून म्हणाले, "बरा दिसला, तर बराच निघेल, असं वाटलं गं."

राग होता तसाच राहिला. त्यात भीती मिसळली, इतकेच.

तिने ओल्या फडक्याने हळद खसाखसा पुसली. कागद ठेवला, रेघ फिरवली. मग तिळावर तीळ जुळवून मागचे नऊ कागद त्यावर ठेवले आणि सगळी चळत उन्हात त्यांच्यासमोर धरली. स्वतःची पाठ त्यांनी आज प्रथमच पाहिली.

"ही बाहेरची रेघ?"

"आजची."

श्रीपादराव उठले. मलमाची नळी आणून तिच्या हाती दिली, आणि बाईंना स्वतःच फोन करून सारे कबूल केले. बाईंनी उद्या नुसते बघायला बोलावले. तुकडा पुढे गेला, आणखी एक महिना.

ऊन वर चढले. कठड्यावर दहा कागद हलके थरथरत होते. नऊ रेषा एकमेकींच्या कुशीत निजलेल्या, आणि दहावी, एकटी, उंबऱ्याबाहेर जागी.