मृदंग थांबणार न्हाई

कास पठाराच्या वाटेवरच्या गावात मायाच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांची धडधड मायाच्या छातीत. मोबाईल वाजला की हातातलं काम टाकून ती धावायची! पाहुण्यांनी पाच स्टार दिले तर बुकिंगच्या ॲपवर घर वर दिसायचं, कमी दिले की तळाला. एकीनं लिहिलं, उदबत्तीचा वास येतो. मायानं उदबत्ती बंद केली. दुसऱ्यानं लिहिलं, कोंबडा पहाटे ओरडतो. तिनं कोंबडा माहेरी धाडला. बाई मोठी कीर्तनवेडी, पण पाहुणा कधी काय मागेल या धास्तीनं दोन वर्षं देवळाची पायरी चढली नव्हती.

त्यातच यंदा घोटाळा झाला. निदान या श्रावणातल्या सप्ताहाला तरी कीर्तनाला बसायचं म्हणून तिनं ते सात दिवस ॲपवर खोल्या बंद ठेवायचं ठरवलं. जानेवारीतच तिनं गेल्या सालच्या तारखा बघून त्या बंद करून टाकल्या. मधे धोंड्याचा महिना येतोय, श्रावण पुढं सरकतोय, हे ध्यानातच आलं नाही. ऐन सप्ताहात पुण्याचे इंद्रजित बायकोसह दारात हजर!

संध्याकाळी शेजारच्या देवळात टाळ घुमले. मृदंगावर मायाचा नवरा बाळासो. इंद्रजित तरातरा ओसरीवर आले.

"तुम्ही 'शांत परिसर' लिहिलंय ना? मग हे काय?"

"चूक माजीच, दादा. तारीख चुकली. साताऱ्यात नणंदेकडं खोली हाय, आत्ता सोय करते."

"आम्ही का जायचं? मघाशी मृदंग घेऊन गेले ते तुमचे मिस्टरच ना? थांबवा त्यांना. नाहीतर एकच स्टार देईन."

'बरं साहेब' मायाच्या जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात देवळात कीर्तनकार महाराज श्वास घ्यायला थांबले आणि मृदंग एकटाच बोलू लागला. बाळासोची थाप ती हजारांत ओळखायची.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मृदंग थांबणार न्हाई. उदबत्ती इझवली, कोंबडा घालवला. आता देवाला बी म्हायेरी धाडू व्हय? द्या एक स्टार. निम्मा देता येत आसंल तर निम्मा द्या!"

खोलीच्या दारात इंद्रजितची बायको खुदकन हसली.

मायानं मोबाईल पिठाच्या डब्यावर उपडा टाकला, डोक्यावर पदर घेतला आणि देवळात जाऊन बायकांत बसली. बाळासोची नजर तिच्यावर गेली अन् थाप अशी कडाडली की महाराज कीर्तन थांबवून म्हणाले, "आज आमच्या मृदंगबुवांना कोण दिसलं बुवा?"

दुसऱ्या दिवशी एक स्टार आलाच. छातीत धडधडलं, खोटं कशाला सांगा. पण मायानं ॲपवरचं 'शांत परिसर' पुसलं आणि लिहिलं, 'आमच्याकडं उदबत्ती लावतात. कोंबडा आरवतो. सप्ताहात सात दिवस आम्ही देवळात असतो. यायचं त्यानं तिथं यावं.'

मग तिनं माहेरी फोन लावला.

"दादा, कोंबडा जित्ता हाय न्हवं? धाड की माघारी!"