पहिलाच निरोप खरा

खाण कोसळून दोन दिवस झाले होते आणि कानवाल्या मास्तरांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खडकाला यंत्र लावून खाली अडकलेल्यांची ठकठक ऐकायची, हे त्यांचं काम; म्हणून हे नाव. खाली सहाजण जिवंत होते. त्यातला एक त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

भावजय शेजारी बसून सारखा मोबाइल लावत होती. "दादा, हे चंद्रापर्यंत पोचतं म्हणे, आणि शंभर मीटर खाली जाईना?"

"अगं, पोकळीतून ते सुसाट जातं. एवढा दगड मधे आला की मेलं. दगडातून जातो तो हादरा."

एका ठोक्याचे हादरे दोन. एक ढकलत पुढे येतो, दुसरा आडवा हलत मागून. दोघांमधल्या अंतरावरून मास्तरांनी काल माणसांची जागा काढली आणि हातोड्याने पाच ठोके पाठवले: जागा सोडू नका, भोक तिथेच पाडतोय. तीन ठोके म्हणजे वर चढा.

दुपारी ठकठक आली. पडद्यावर पहिला हादरा उमटला. दुसरा आलाच नाही. मास्तरांनी वायर तपासली, यंत्र तपासलं. आडवा हादरा पाण्यातून जात नाही. म्हणजे सहाजणांच्या शेजारचा जुना बोगदा पाण्याने भरला होता. मधली भिंत टिकून टिकून किती टिकणार? भोक पडायला अजून सहा तास होते. पलीकडची चढण मात्र मोकळी होती.

त्यांनी तीन ठोके हाणले. खालून पाच आले. पुन्हा तीन. पुन्हा पाच, सावकाश, एकसारखे.

तेव्हा त्यांना आपलाच नियम आठवला. दगडात पडसाद घुमतात, मोजणी चुकते; दोन निरोप उलटसुलट आले तर पहिलाच खरा, दुसऱ्यावर जीव गेला तरी विश्वास ठेवायचा नाही. खाणकामगारांच्या वर्गात त्यांनीच हे दहा-दहादा वदवून घेतलं होतं. धाकटा सगळ्यांत मोठ्याने बोलायचा, गाढव!

"अरे, चढ ना रे!" मास्तर वेड्यासारखे ठोकत सुटले. मीच बसवलं त्याला तिथे, मीच.

भावजयीने हेडफोन ओढून कानाला लावला. तिला फक्त पाचाचा अर्थ ठाऊक होता. मोजता मोजता तिचा चेहरा उजळला.

"पाच! बसलाय तिथेच. माझं मेल्याने कधी ऐकलं नाही, पण तुमचा शब्द खाली पडू देत नाही हो."