भावानं लावलेली बोली

आमच्या दरीत एक रीत आहे. कुणाचं घर लिलावात निघालं आणि त्यांच्याच रक्ताचं कुणी बोली लावायला उभं राहिलं, की बाकीच्यांनी हात खिशात घालायचे. घर घरात राहतंय ना, मग आपण कशाला मध्ये कडमडायचं! कोळशाची खाण बंद पडल्यावर निम्म्या गावाची घरं हातोड्याखाली गेली, पण ही रीत कुणी मोडली नाही. मलाही तिचा केवढा अभिमान होता. आज विचाराल तर तोंडातून काय निघेल सांगता येत नाही, म्हणून काय झालं तेच सांगते.

माझं घर चॅपल रस्त्यावरचं शेवटचं, चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, भिंतीला भिंत लागून. मूळ आईवडिलांचं. दोघांची आजारपणं मी काढली, म्हणून वडिलांनी जाताना घर माझ्या नावावर केलं. थोरला भाऊ एमलिन तेव्हा एका शब्दानं बोलला नाही. जन्मभर खाणीत कोळसा फोडलेला माणूस, तोही आमच्याच रस्त्याच्या खाली. बोलायची त्याला सवयच नव्हती.

पुढे रस्त्याच्या खालच्या अंगाची घरं एकेक करून खचायला लागली. खाली सगळं पोकळ, दुसरं काय होणार? चार घरं तर पाडावी लागली. चॅपलला मात्र साधा तडा नाही. पाद्रीबाबा म्हणायचे देवाची कृपा, आणि आम्ही माना डोलवायचो. मग माझा नवरा ग्लिन गेला, आणि त्याच हिवाळ्यात माझ्या मागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ही एवढी भेग पडली. मी धावत जाऊन एमलिनला घेऊन आले.

त्यानं भेगेत बोटं घातली, फरशीवर पाय आपटून बघितला आणि मान हलवली.

‘‘नेस्ता, हे खालचं आहे गं. आम्हीच कोरून काढलंय सगळं. मी स्वतः होतो तिथं.’’

‘‘कार्डिफहून एखादा तपासनीस बोलावू का?’’

‘‘बोलाव की. टाय लावलेलं पोरगं येईल, दोन तास भिंती बडवेल आणि तुझा खिसा रिकामा करून सांगेल, बाई, खाली पोकळ आहे. मी तेच फुकट सांगतोय.’’

मी हसले. बरोबरच होतं ना त्याचं! खाली काय आहे ते खाली गेलेल्या माणसापेक्षा जास्त कुणाला कळणार? आमच्याकडे सगळे असाच विचार करतात. शहरातल्या साहेबाच्या कागदापेक्षा खाणीतल्या माणसाचा शब्द मोठा, आणि हा तर माझा सख्खा भाऊ.

माझी मुलगी केरिस स्वान्सीला असते. नवरा जहाजावर, पदरात जुळी पोरं. तिच्या समोरच तळमजल्यावरचा एक छोटा फ्लॅट विकायला होता. लोक म्हणाले, खिडकीतून समुद्र दिसतो. समुद्राचं मला काय करायचंय? त्या खिडकीतून केरिसचं दार दिसत होतं. पोरांना शाळेतून आणावं, त्या पोरीला दुपारची घटकाभर पाठ टेकू द्यावी, एवढंच मला हवं होतं. फ्लॅटवाली बाई थांबायला तयार होती. पण माझं घर विकल्याशिवाय पैसे कुठून आणायचे? आणि जमीन खचायचा धोका असलेल्या घरावर बँक कर्ज देत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक रोख पैसेवालंच पाहिजे.

‘‘लिलावात काढ,’’ एमलिन म्हणाला. ‘‘आणि कमीत कमी किंमत अगदी खाली ठेव. नाहीतर कुणी फिरकायचं नाही.’’

ठेवली. तो म्हणेल तेवढी खाली ठेवली.

लोकांना घर दाखवायच्या दिवशी हा सकाळपासून दारात उभा. येईल त्याला हाताला धरून थेट मागे न्यायचा, भेग दाखवायचा. किराणा दुकानवाला हेडन आला होता. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, पोरासाठी घर बघत होता बिचारा. तो म्हणाला, ‘‘अरे एमलिन, बहिणीचं घर विकायला उभा आहेस की गिऱ्हाईक हाकलायला?’’

‘‘मग काय गावातल्या माणसाला फसवू? भेग आहे ती आहे.’’

मला भरून आलं. म्हटलं, असा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही. संध्याकाळी त्याच्यासाठी मनुके घालून तव्यावरचे केक केले, त्याला आवडतात तसे, आणि त्यानं सहा खाल्ले. घशाखाली कसे उतरले देव जाणे.

लिलाव रग्बी क्लबच्या हॉलमध्ये होता. लिलाववाला शहरातला, तोंडाचा पट्टा सोडल्यासारखा बोलणारा. माझ्या घराची पाळी आली तेव्हा त्यानं एका दमात वाचून टाकलं, जुन्या खाणीवरचं घर, जमीन खचण्याचा धोका, घेणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर घ्यावं. बाहेरगावचा एक जाड्या होता, तो नऊ हजार पौंडांपर्यंत आला आणि तिथंच थांबला. हेडन दहा म्हणाला. मी पदरी काय पडतंय याचा हिशेब करत खाली मान घालून बसले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘‘अकरा.’’

सगळ्यांच्या माना वळल्या. एमलिन! रविवारचा कोट घालून, हात वर करून उभा.

हेडनचा हात अर्धा वर गेलेला. त्यानं एमलिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात खाली घेऊन मुकाट्यानं खिशात घातला. बाकीच्यांनीही तेच केलं. हातोडा पडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिलाववाला बावचळला. त्याच्या लिलावात कधी कुणी टाळ्या वाजवल्या नसतील.

मी तर रडायलाच लागले. अकरा हजारांत फ्लॅट होणार नव्हता, निम्म्यानं कमी पडत होते. पण माझ्या भावानं माझ्यासाठी आपली पुंजी खड्ड्यात घातली, एवढंच मला दिसत होतं. मी त्याच्या गळ्यात पडले. ‘‘अरे वेड्या, बुडवलेस ना पैसे!’’

‘‘असू दे गं,’’ तो म्हणाला.

मग टेबलापाशी जाऊन दोघांनी सह्या केल्या आणि सगळे चहाला थांबले. एमलिन पलीकडे लोकांशी हात मिळवत होता. ग्रिफ माझ्या शेजारी येऊन बसला. ग्रिफ म्हणजे एमलिनचा खाणीतला जोडीदार, सुरुंगांनी कान गेलेले, मनानं लहान मूल.

‘‘तुझा भाऊ लय हुशार,’’ तो बशीत चहा सांडत म्हणाला. ‘‘अख्ख्या रस्त्यात घट्ट घर हे एकच. बरोबर उचललं लेकानं.’’

‘‘घट्ट? अरे, भेग बघितलीस ना?’’

‘‘ती भेग होय? ती तुझ्या ग्लिननं मागून वाढवलेल्या स्वयंपाकघराची भिंत. पायाच घातला नव्हता त्यानं. आम्ही दोघं विटा द्यायला होतो की, एमलिन आणि मी. भिंत सरकली, घर कशाला सरकतंय? तुझ्या घराखाली तर खांब आहे.’’

‘‘कसला खांब?’’

‘‘कोळशाचा. चॅपलखाली आणि तुझ्या घराखाली कोळसा काढलाच नाही आम्ही. खाणीचा मॅनेजर त्याच चॅपलात पहिल्या बाकावर बसायचा. स्वतःच्या डोक्यावर छप्पर पाडून घेतोय होय! एमलिनलाच सांगितलं होतं त्यानं, इथून पुढे टिकाव मारायचा नाही म्हणून.’’

कप खाली ठेवताना तो कुठं ठेवतेय तेही कळेना. मग जी तिडीक उठली ती उठली.

‘‘ग्रिफ,’’ मी उभी राहिले, ‘‘आत्ता काय म्हणालास ते जरा मोठ्यानं म्हण. सगळ्यांना ऐकू दे.’’

तो भाबडा माणूस. त्याला वाटलं मी भावाचं कौतुक करवून घेतेय. बहिऱ्याच्या खड्या आवाजात त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, मॅनेजरसकट. हॉलमधली कुजबुज हळूहळू थांबली.

हेडननं कप ठेवला. ‘‘मी वीसपर्यंत जाणार होतो, नेस्ता,’’ तो म्हणाला. ‘‘भेग असली तरी. पोरगा माझा गवंडी आहे, त्यानं केलं असतं काहीतरी. तुझा भाऊ म्हणून थांबलो मी.’’

मी एमलिनकडे गेले. ‘‘खरंय?’’

‘‘अगं, घर आपलंच राहिलं ना? कुणा परक्याच्या घशात गेलं असतं.’’

‘‘आपलं?’’

‘‘तुला कोण बाहेर काढतंय? राहा की. भाड्याचं बघू आपण सावकाश.’’

मागून कुणीतरी ‘शी!’ म्हणालं. तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला.

‘‘वडिलांनी घर तुला दिलं,’’ तो म्हणाला. ‘‘मी त्याच घराखाली पाण्यात रांगत होतो. मला काय दिलं? खोकला!’’

‘‘मग मागायचंस! अर्धं दिलं असतं रे मी. तोंड नव्हतं तुला?’’

मी दिलंच असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

‘‘आणि पैशाचं सोड,’’ मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता, पण मला पर्वा नव्हती. ‘‘दोन हिवाळे मी पुढच्या खोलीत खुर्चीवर झोपतेय. अंगात कोट, पायात बूट. जरा कुठं लाकूड वाजलं की दाराकडे पळतेय. असं झोपायला कुणी सांगितलं होतं मला? बोल ना. तू सांगितलंस! वर झोपू नकोस, घर कधी बसेल नेम नाही, असं म्हणालास. आणि दर रविवारी येऊन विचारायचास, झोप लागते का गं. खाली दगडासारखं घट्ट आहे हे ठाऊक असून विचारायचास!’’

‘‘तू विकलं नसतंस नाहीतर,’’ तो पुटपुटला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या चार शब्दांत कळलं. परक्यानं फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ह्याला काय घालू?

इतक्यात क्लबातली मेगन गल्ल्यामागून म्हणाली, ‘‘नेस्ता, केरिसचा फोन आहे.’’

सगळ्यांनी मला वाट करून दिली. मी फोन कानाला लावला.

‘‘आई, विकलं का गं?’’

‘‘विकलं.’’

‘‘कुणी घेतलं?’’

‘‘तुझ्या मामानं.’’

पलीकडून किंकाळीच आली. ‘‘मामानं? अगं आई! मला वाटलंच होतं, मामा तुला वाऱ्यावर सोडायचा नाही! म्हणजे फ्लॅटचं जमलं. पोरांनो, आजी येतेय! आई, मामा आहे का तिथं? दे ना त्याला, आधी त्याचे आभार मानू दे मला.’’

वायर पुरली तेवढा मी फोन लांब धरला.

‘‘एमलिन, केरिस आहे. तुझे आभार मानायचेत म्हणते. ये, घे.’’

तो जागचा हलला नाही. मीही हात खाली घेतला नाही. हॉलमध्ये सगळ्यांना तिचा आवाज ऐकू येत होता, ‘‘हॅलो, मामा? मामा, आहेस ना?’’