गुरुवारचं मंडळ

एनिड गेल्याचं क्लिफर्ड ट्रांटरला कळलं ते संध्याकाळच्या वर्तमानपत्रातून, तेही नऊ दिवसांनी. आदल्या गुरुवारी तो इट्रुरियाच्या, कालव्यावरच्या पुलाशी सायकल धरून दीड तास भुरभुर पावसात उभा होता. ती आली नाही. तिच्या घरचा फोन नंबर त्याच्याकडे होता. पण त्या घरी फोन करायचा नाही, हे दोघांत कधी न बोलताच ठरलेलं होतं. आणि ती मात्र तीन दिवस आधीच, सोमवारी सकाळी, स्वयंपाकघरात भांडी विसळताना डोक्यातली शीर फुटून कोसळली होती.

गुरुवारचं ते सायकलवाल्यांचं मंडळ मुळात नऊ जणांचं होतं. सगळे निवृत्त. कुणी खाणीतले, कुणी क्लिफर्डसारखे चिनी मातीच्या कारखान्यातले. त्याने चाळीस वर्षं कपांच्या कडांवर सोनेरी रेघ ओढली होती. दर गुरुवारी साडेनऊला पुलाशी जमायचं आणि कालव्याकाठच्या वाटेने चेडलटनवरून, कॉन्सलच्या रानातून फ्रॉगहॉलपर्यंत जायचं. मग कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे कॅनडाला गेलं, हर्बर्टचं हृदय बंद पडलं, पर्सीला कॅन्सरने नेलं. पण ते दोघं जाण्याच्या कितीतरी आधीच त्यांची सायकल सुटली होती; गेली अकरा वर्षं वाटेवर दोनच सायकली उरल्या होत्या.

त्यांच्यात काही होतं का? कुणी विचारलं असतं, तर ‘सायकल’ एवढंच उत्तर क्लिफर्डला देता आलं असतं. तो एकटा माणूस. आई असेपर्यंत आईपाशी राहिला आणि नंतर लग्नाचं वय उलटून गेलं होतं. एनिडला नवरा होता, डर्बीला दिलेली मुलगी होती. ती ओटच्या घावनात चीज आणि बेकन गुंडाळून आणायची, तो थर्मासमधून चहा आणायचा. एकदा कॉन्सलच्या पुलाखाली गारांचा पाऊस लागला, तेव्हा तिने त्याचे काकडलेले हात स्वतःच्या हातमोज्यांत कोंबले होते. पाऊस थांबला, तिने हातमोजे परत घेतले. पुन्हा त्यावर कधी बोलणं झालं नाही. ती तारीख मात्र त्याला पाठ होती.

शुक्रवारी तिच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. नंतर शेजारच्या हॉलमध्ये चहा आणि हॅमचे सँडविच होते. तिचा नवरा रॉय चाकाच्या खुर्चीत होता. खाणीतल्या धुळीने त्याची फुप्फुसं खाल्ली होती. नाकात नळी, खुर्चीमागे ऑक्सिजनची टाकी. क्लिफर्ड रांगेतून पुढे गेला, हात पुढे केला.

“तुम्ही कोण?” रॉयने विचारलं.

“क्लिफर्ड. सायकलचा... म्हणजे, गुरुवारच्या मंडळातला.”

रॉयचा चेहरा एकदम उजळला. “मंडळातले! अहो, मग बाकीचे कुठं आहेत? हर्बर्ट नाही आला? पर्सी?”

 हर्बर्टला जाऊन सहा वर्षं झाली होती, पर्सीला चार.

“हर्बर्टला... जरा बरं नाही,” तो म्हणाला.

“काय माणूस आहे हो तो! एनिड दर गुरुवारी घरी आली की सगळं सांगायची मला. मागच्याच महिन्यात, तो बगळा! हर्बर्ट म्हणाला म्हणे, ‘हा अगदी आमच्या मॅनेजरसारखा आहे. दिवसभर एका पायावर उभा, काम काडीचं नाही, पण मासा आला की पहिला घास ह्याचा!’” रॉय हसता हसता खोकायला लागला. “आणि पर्सी सायकलसकट चिखलात बसला ते! तुमचं नाव काय म्हणालात?”

“क्लिफर्ड.”

“क्लिफर्ड...” रॉयने आठवून पाहिलं. “तुमच्याबद्दल फारसं काही बोलली नाही कधी. शांत दिसता.”

बगळ्याचं वाक्य क्लिफर्डचं होतं. चिखलात बसला होता तोही क्लिफर्डच. हातातला सँडविच तसाच धरून तो हॉलबाहेर आला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. अकरा वर्षांतलं त्याचं सगळं बोलणं, सगळं हसणं तिने मेलेल्या माणसांत वाटून टाकलं होतं. सगळं सांगितलं होतं नवऱ्याला, फक्त त्याचं नाव तेवढं गाळलं होतं. बाकी काहीच लपवण्यासारखं नव्हतं, मग नाव का लपवलं? ह्याचं उत्तर त्याला हळूहळू उमगत गेलं, आणि ते उमगल्यावर त्याला तिथं उभं राहवेना.

हॉलमधून निघताना रॉयने त्याचा हात धरून ठेवला होता. “येत जा हो घरी. गुरुवारीच या. मंडळाची खबरबात कळेल.”

नाही कसं म्हणणार? गुरुवारी सकाळी तो कालव्याकाठी एकटाच जाऊन यायचा आणि दुपारी रॉयकडे. खुंटीवर तिचा पिवळा रेनकोट होता. त्याच्याकडे पाठ होईल अशा खुर्चीत तो बसायचा आणि सांगायचा. कालव्यातलं पाणी अडवणारं लॉकचं दार उघडताना हर्बर्टची कंबर धरली. पर्सी होडीवाल्याशी भांडला. आधी जीभ अडखळायची, मग सवय झाली. एनिडने हे वर्षानुवर्षं कसं केलं असेल, हे त्याला आता कळत होतं. रॉय डोळे मिटून ऐकायचा, मधूनच “पुढे?” म्हणायचा.

असे पाच गुरुवार गेले. सहाव्या गुरुवारी त्याने हर्बर्टचं नाव काढलं आणि रॉयने डोळे उघडले.

“हर्बर्ट गेल्याचं पेपरात आलं होतं. त्याचा भाऊ माझ्याबरोबर खाणीत होता. पर्सीचंही आलं होतं. मला चालता येत नाही, ट्रांटर. वाचता येतं.”



“मग तुम्ही तिला कधी...”

“काय विचारणार? सहा दिवस ती माझं हगणंमुतणं काढायची आणि सातव्या दिवशी गाल लाल करून, हसत घरी यायची. माझ्या मनाला लागू नये म्हणून मेलेल्या माणसांना बोलतं करायची. मी विचारलं असतं, तर तिने जाणं सोडलं असतं. तिचा गुरुवार गेला असता, आणि माझाही.”

“आमच्यात तसं काही नव्हतं हो. देवाशपथ.”

“ठाऊक आहे मला. असतं तर बरं झालं असतं. मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या तुला.”

“मग मला का बोलवत राहिलात?”

रॉयने नाकातली नळी सारखी केली. “ती काय ऐकायची, ते ऐकायचं होतं. ऐकलं. चांगला बोलतोस तू. आता येऊ नकोस. तू बोलायला लागलास की तुझ्याकडे बघणारी ती मला दिसते, आणि ते मला सोसत नाही.”

क्लिफर्डने टोपी उचलली. दार हळूच ओढून घेऊन तो बाहेर पडला.

पुढच्या गुरुवारी हिव पडलं होतं. कालव्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरली होती. पुलाशी न थांबता तो तडक निघाला. कॉन्सलच्या अलीकडे काठाला बांधलेल्या एका लांबोड्या होडीवर एक बाई सरपण रचत होती. ही बाई तिथं वर्षानुवर्षं असायची. येता-जाता हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती.

“आज एकटेच? बरेच दिवस मिसेस दिसल्या नाहीत.”

क्लिफर्डने ब्रेक दाबला. पाय जमिनीला टेकवला.

“ती गेली,” तो म्हणाला. “ऑक्टोबरात.”

“अरे देवा!” बाई हातातलं लाकूड टाकून काठावर उतरली आणि तिने त्याचा दंड धरला. “फार वाईट झालं हो. फार वाईट.”

एनिड गेल्यापासून हे त्याला कुणीच म्हणालं नव्हतं. म्हणणार तरी कोण?

“किती वर्षांचा संसार?”

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. “अकरा,” तो म्हणाला. “उशिरा भेटलो आम्ही.”

“मी ह्यांना म्हणायची, जोडपं बघा कसं जातंय. त्या सदा पुढे, पण वळण आलं रे आलं की मागे बघणार, तुम्ही येताय ना म्हणून. एक वळण चुकवायच्या नाहीत.”

क्लिफर्डला हे माहीत नव्हतं. वाट अरुंद, शेजारी पाणी. वळणावर त्याची नजर नेहमी स्वतःच्या पुढच्या चाकावर असायची. एकदासुद्धा त्याने मान वर केली नव्हती.

त्याच्या हातून सायकल सुटली. बाईने ती पडता पडता धरली, त्याला होडीच्या पायरीवर बसवलं आणि चहा आणायला आत गेली. ती चहाचा मग घेऊन बाहेर आली तेव्हा तो तोंडावर टोपी दाबून हमसून हमसून रडत होता. ती शेजारी बसून राहिली. मगातला चहा गार झाला, तेव्हा तिने तो पाण्यात ओतला आणि दुसरा आणायला आत गेली.